आर्गो नौका आणि बदललेले इंजिन

वस्तूचे घटक बदलत गेले तरी ती वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या नौकेच्या संदर्भात तो नोंदविला. टॉमस हॉब्ज याने 1655 मध्ये काढून टाकलेल्या फळ्यांचीच दुसरी नौका उभारण्याची कल्पना करून तो अधिक अवघड केला. रोलाँ बार्थ याने 1975 मधील आपल्या आत्मपर ग्रंथात आर्गो नौकेचे उदाहरण घेतले. एकेक भाग बदलत सारी नौका नवी झाली, पण नाव आणि आकार कायम राहिले. म्हणजे वस्तूचे तेपण तिच्या द्रव्यात नसून स्थानांच्या व्यवस्थेत आणि नामात असते, असा या उदाहरणाचा रोख आहे.

मात्र या सर्व उदाहरणांत एक गृहीतक न बोलता शिरलेले आहे. फळीच्या जागी फळीच येते. आलेला घटक गेलेल्या घटकाची भूमिका निमूटपणे स्वीकारतो. त्याने ती स्वीकारली नाही तर काय होते, हे नौकेपेक्षा एका साध्या, काहीशा हौशी वस्तूच्या आधारे अधिक नेमके विचारता येते. ती वस्तू म्हणजे ब्रिटनमधील घरी बांधलेली किट-कार, आणि ती घटना म्हणजे तिच्या इंजिनाचा बदल.

किट-कार म्हणजे सुट्या भागांचा संच आणून, किंवा जुन्या मोटारीचे भाग वापरून, घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली मोटार. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन 1957 मध्ये आली आणि मोठ्या प्रमाणात अशाच रूपात विकली गेली. कारण तयार मोटारीवर खरेदी-कर होता, संचावर नव्हता. संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई असल्याने चॅपमन यांनी मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या उलट क्रमाने वाचल्या, अशी कथा सांगितली जाते. (विरचनेच्या अभ्यासकांना याहून सोयीचे रूपक मिळणे कठीण, पण तो मोह येथे आवरलेला बरा.) 1973 मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशा धर्तीची मोटार बांधण्याविषयी पुस्तक लिहिले: चौकोनी पोलादी नळ्या कापून आणि वेल्डिंग करून चासी घरीच करायची, इंजिन, गिअरबॉक्स व मागचा अ‍ॅक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून घ्यायचा. म्हणजे चासी बांधणाऱ्याच्या हातची, आणि इंजिन आरंभापासूनच दुसऱ्या संहितेतील अवतरण.

अशा मोटारीतील ओतीव लोखंडाचे जुने फोर्ड इंजिन काढून तेथे मोटारसायकलचे, उदाहरणार्थ 1998 मध्ये आलेल्या यामाहा आर-1 चे, इंजिन बसविणे हा या क्षेत्रातील परिचित प्रकार आहे. ‘बसविणे’ हे क्रियापद येथे फसवे ठरते. मोटारसायकलचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असतात. त्यामुळे जुना गिअरबॉक्सही जातो. साखळी फिरविणाऱ्या दातेरी चक्राच्या जागी मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा जोडावा लागतो. या इंजिनाला मागे जाण्याचा गिअर नसतो. त्याची स्वतंत्र सोय करावी लागते. हलक्या वाहनासाठी केलेला क्लच आता अर्ध्या टनाच्या आसपासचे वजन हलवितो. पुढचा भाग हलका झाल्याने स्प्रिंगा आणि ब्रेकचा तोल पुन्हा बेतावा लागतो.

खरी मेख मात्र तेलात आहे. मोटारसायकल वळणावर आत झुकते, आणि ती झुकते म्हणूनच तळाच्या पात्रातील तेल तळाशीच राहते. मोटार तशी झुकत नाही. लांबलचक वळणावर तेल पात्राच्या बाहेरच्या अंगाला सरकते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंगे कोरडी पडतात. म्हणून पात्रात आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात, किंवा तेलाची वेगळी टाकी ठेवून पंपांची सारी व्यवस्थाच बदलावी लागते. झुकणे हे त्या इंजिनाच्या रचनेत गृहीत धरलेले आहे, पण त्याच्या कोणत्याही भागावर ते लिहिलेले नाही. पूर्वीच्या संदर्भाची ही स्मृती घटकाबरोबर नव्या ठिकाणी येते आणि तेथे दोष म्हणून प्रकट होते.

येथे बार्थची आर्गो अपुरी पडते. स्थान रिकामे असते आणि घटक ते भरतो, हे वर्णन या घटनेला लागू पडत नाही. घटक स्थानालाच बदलावयास लावतो. संहितेतील उसन्या शब्दाविषयी बाख्तीनने जे जाणले होते, की शब्द येताना परक्यांच्या तोंडचे हेतू घेऊन येतो, ते या निर्जीव धातूलाही लागू पडावे, हे विलक्षण आहे. या बाबतीत ‘मिलिंदपञ्ह’मधील नागसेन अधिक सावध वाटतो. धुरा रथ नव्हे, आस रथ नव्हे, चाकेही नव्हेत, असे वदवून घेतल्यावर रथ ही संज्ञा या अंगांच्या आश्रयाने चालते, या राजाच्या उत्तराला तो मान्यता देतो. ‘आश्रया’ची ही कल्पना केवळ स्थानांच्या कोष्टकाहून समृद्ध आहे, कारण आश्रय बदलला की आश्रित अबाधित राहील, अशी हमी ती देत नाही.

ब्रिटनच्या वाहन-नोंदणी यंत्रणेने मुळातून बदललेल्या मोटारींसाठी दीर्घकाळ एक गुणपद्धती वापरली. जुना क्रमांक टिकण्यास किमान 8 गुण लागत. चासीला 5 गुण होते. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2. इंजिनाला अवघा 1. सामान्य समज ज्याला मोटारीचे हृदय म्हणतो, त्याला कायद्याने सर्वांत कमी मोल दिले. नोंदणीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यातून एक नैतिक पळवाट निघते. इंजिन तेवढे बदलले, मोटार तीच आहे, असे बांधणारा म्हणू शकतो आणि त्या बदलाने क्लच, ब्रेक, तेल यांवर टाकलेला भार नामाच्या सातत्याखाली झाकू शकतो. याउलट, मोटार आता नवीच आहे असे म्हणणारा आपल्याच हाताने पूर्वी केलेल्या वेल्डिंगची जबाबदारी झटकू पाहतो. दोघेही तेपणाचा प्रश्न ज्ञानाचा मानून सोडवितात. समोरून येणाऱ्या अनोळखी पादचाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर तो उत्तरदायित्वाचा आहे. कारखान्याच्या मोटारीत हे दायित्व संस्थेवर विखुरलेले असते. येथे ते एका माणसावर येऊन थांबते. ‘लेखकाचा मृत्यू’ 1967 मध्ये जाहीर झाला खरा, पण तुटलेल्या सांध्यापाशी कर्त्याला गैरहजर राहता येत नाही.

याच बार्थने 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सिट्रोएन डीएस या मोटारीच्या नितळपणाचा वेध घेतला होता; सांधे झाकलेली, जणू आकाशातून उतरलेली वस्तू. किट-कारचे तसे नाही. इंजिन बदलल्यावर जुन्या इंजिनाला पेलणारे पोलादी कंस चासीच्या नळ्यांवर निकामी होऊन राहतात. काही जण ते कापून, घासून, वर रंग देतात. काही जण तसेच ठेवतात, आणि मोटार विकत घेणारा बॉनेट उघडून प्रथम त्यांच्याचविषयी विचारतो.