आई ठाण्याला गेली

मुलुंडला पाच रस्त्याजवळ एक आई आणि तिचा अडतीस वर्षांचा मुलगा राहत होते. मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम. त्याच्या शर्टाची बटणं आई लावायची, भात आई कालवायची, चहाही आईच निववून द्यायची. रोज रात्री देवापाशी एकच मागणं, "माझ्या आधी याला ने." असं मागणाऱ्या आया कमी नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

एकदा ती डोंबिवलीजवळच्या खोणी गावी गेली. तिथे अमेय पालक संघटनेनं, म्हणजे तिच्यासारख्याच आईबापांनी, आपल्या मुलांसाठी 'घरकुल' हे निवासी केंद्र उभारलं आहे. तिथून आल्यावर तिनं मुलाला पहिल्यांदा ताटं मांडायला सांगितलं.

मग घरात इंडक्शनची शेगडी आली. दाबायच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. डब्यांवर साखरेचं, चहाचं चित्र लागलं. दूध कितीदा तरी सांडलं. आईचे हात शिवशिवायचे; ती पदराखाली घट्ट धरून बसायची. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याचीच परीक्षा अवघड होती.

एका शनिवारी शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ती रात्रीपुरती ठाण्याला बहिणीकडे गेली. तिला झोप कसली लागते! सकाळी परतली तर ओटा चिकट, चहा उकळून काळा, आणि मुलगा उलटा शर्ट घालून बसलेला. कप तिच्यापुढे ठेवत त्यानं विचारलं, "आई, परत कधी जाणार?"

तिला आधी लागलं. मग ती पोटभर हसली.

सोमवारी तिनं आपल्या भाचीला, तिच्या संमतीनं, मुलाची कायदेशीर पालक नेमावं असा अर्ज लिहायला घेतला. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ही सोय आहे. हवी ती मदत घेऊन समाजात राहण्याचा हक्क 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिला आहे. पण असा आधार देणारी घरं अजून फार थोडी आहेत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेलं प्रौढ मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांनी हा अर्ज स्वतःचे हातपाय चालताहेत तोवर करावा. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. मुंबई उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.