नदी एक, नावा नऊ



तराफ्याची उपमा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात ती येते. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांनी ती भिक्खूंना सांगितली. एक वाटसरू मोठ्या जलाशयापाशी येतो. अलीकडचा तीर भयाने भरलेला आहे, पलीकडचा निर्भय आहे. तेथे नाव नाही, पूल नाही. मग तो गवत, काटक्या, फांद्या आणि पाने गोळा करतो, त्यांचा तराफा बांधतो आणि हातापायांनी पाणी मारीत पलीकडे पोचतो. पोचल्यावर, हा तराफा माझ्या फार उपयोगी पडला, म्हणून तो डोक्यावर घेऊन पुढे चालू लागला, तर ते शहाणपणाचे होईल काय? भिक्खूंनी उत्तर दिले, नाही.

उपमेचा हा शेवट सर्वांच्या ध्यानात राहतो. आज मी तिच्या मधल्या भागाविषयी बोलणार आहे. त्या वाटसरूने किती तराफे बांधले? एकच. पाणी शांत असेल तर हा, खवळले तर तो, पाहुणा आला तर तिसरा, असा विचार करीत तो भयाच्या तीरावर बसून राहिला नाही. तो तसा बसला असता तर त्याच्या भोवती तराफ्यांचा ढीग जमला असता आणि तो मात्र अलीकडेच राहिला असता.

असे कोण करील, असे तुम्ही म्हणाल. पण असे करणारी माणसे जगात आहेत. अमेरिकेत आणि युरोपात कयाक नावाची लहान होडी फार लोकप्रिय आहे. ती लांबट व अरुंद असते, वरून बहुधा झाकलेली असते. तिच्यात एक माणूस पाय पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने पाणी कापीत जातो. छंद चांगला आहे. त्यात व्यायाम आहे, मोकळी हवा आहे, पाण्याशी मैत्री आहे. परंतु ज्याला हा छंद लागतो त्याचे एका होडीवर भागत नाही. समुद्रासाठी लांब कयाक, कारण ती सरळ रेषेत वेगाने जाते. खळाळत्या नदीसाठी आखूड, कारण ती चटकन वळते. मासे धरण्यासाठी रुंद, कारण ती डुलत नाही. पत्नीबरोबर जाण्यासाठी दोघांची. प्रवासात नेण्यासाठी हवा भरून फुगवायची. मुलासाठी लहान. मग स्वस्तात मिळाली म्हणून एक, आणि जुनी विकवत नाही म्हणून ती एक. मोटार ठेवण्याच्या खोलीत होड्या टांगल्या जातात आणि मोटार रस्त्यावर उन्हात उभी राहते. या छंदातल्या लोकांत एक विनोद आहे: माणसाजवळ होड्या किती असाव्यात? आज आहेत त्यांपेक्षा एक जास्त.

या विनोदात दुसऱ्या आर्यसत्याचे वर्णन आलेले आहे. आज आहे त्यापेक्षा एक जास्त, हेच तण्हेचे गणित होय. या गणिताला उत्तर नाही, कारण जास्तीची एक मिळाली की ती 'आज आहे' यात जमा होते आणि पुन्हा एक कमी पडते.

आता हीच कयाक मुळात कोणाची, ते पाहा. ती ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्का येथील उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची. इन्युइट शिकाऱ्यांनी ती सील मारण्यासाठी घडविली. ग्रीनलंडमध्ये लाकडासाठी अरण्ये नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करीत. घरच्या स्त्रिया सीलचे कातडे शिवून त्यावर चढवीत. पाणी आत शिरू नये म्हणून त्या कातड्याला वारंवार चरबी लावावी लागे, आणि ते जुने झाले की बदलावे लागे. होडीचे माप बाजारातून येत नसे. ते शिकाऱ्याच्या हाताच्या वावेवरून आणि कमरेवरून घेत. अंगरखा अंगाला बसावा तशी ती होडी त्या माणसाला बसे. अशी होडी बेतणे, शिवणे आणि राखणे यांत घरातल्या सर्वांचे श्रम असत. ज्या वस्तूत आपले श्रम ओतलेले असतात, ती मनुष्य नुसती टांगून ठेवीत नाही. तो ती वापरतो.

१९७० च्या दशकापासून प्लॅस्टिक वितळवून साच्यात अखंड कयाक काढण्याची पद्धत आली. होडी टणक झाली आणि सामान्य माणसाच्या ऐपतीत आली. ही प्रगतीच होय. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण श्रमाचे बंधन गेले तेव्हा मनाचे बंधन हवे होते, आणि तेच नेमके बाजारात मिळत नाही. न वापरलेली होडी स्वस्थ बसत नाही. ती जागा खाते. उन्हात राहिली तर तिचे प्लॅस्टिक ठिसूळ होते. चुकीच्या जागी दोर बांधून टांगली तर तिला पोक येते. उघड्यावर सरळ ठेवली तर तिच्यात पाणी साचून डास होतात. अनिच्चतेचा नियम वापरलेल्या वस्तूला लागतो तसाच न वापरलेल्या वस्तूलाही लागतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक होडीमागचे कारण खरे आहे. समुद्राची होडी खळाळात चालत नाही, हे खोटे नव्हे. तण्हा आपल्याकडे खोटे बोलत येत नाही. ती दर वेळी एक खरे कारण हाती घेऊन येते, म्हणून ती ओळखू येत नाही. कारण एकेक तपासले तर प्रत्येक बरोबर ठरते. सर्व कारणांची बेरीज मात्र चुकते. तेव्हा बौद्धाने कारणही तपासावे आणि बेरीजही तपासावी.

येथे कोणी मनात म्हणेल, आमच्या घरात दोन वेळची चिंता, आणि हे आम्हाला नऊ होड्यांच्या त्यागाचा उपदेश करतात. ही शंका रास्त आहे. शूद्राने धनसंचय करू नये असे मनुस्मृतीने बजावले होते. ज्यांना पिढ्यान्पिढ्या काही बाळगू दिले नाही, त्यांना 'काही बाळगू नका' म्हणणे हा धम्म नव्हे, तो जुनाच अन्याय होय. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या लेखात स्पष्ट लिहिले आहे. भगवंतांनीही गृहस्थाला धन मिळवू नको असे कधी सांगितले नाही. कष्टाने आणि सचोटीने मिळवा, राखा, वापरा, असेच सांगितले.

कोलिय कुळातील दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही प्रपंची माणसे, आमच्या हिताचे काही सांगा, असे तो म्हणाला. त्याला सांगितलेल्या गोष्टींत एक होती समजीविता, म्हणजे जमाखर्चाचा तोल राखून जगणे. तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा आली आहे. एखाद्याला चार उंबरे खायची असतात, पण तो सबंध झाड गदगदा हलवतो. ढीगभर फळे खाली पडतात. तो थोडी खातो आणि बाकीची सडू देऊन निघून जातो. त्याच सुत्तात दुसरे टोकही सांगितले आहे: पैसा असून जो उपाशीपोटी मरतो, तोही चुकतो. म्हणजे एक होडी घेणाऱ्याला भगवंत दोष देत नाहीत. झाड हलविणाऱ्याला देतात.

आपली मुले-मुली शिकून आज मुंबई-पुण्याला, आणि काही अमेरिका-कॅनडालाही पोचली आहेत. जी झाडे पूर्वी आपल्याला हात लावू देत नव्हती, त्यांच्या सावलीत ती बसली आहेत. हा आनंद मोठा आहे. पण झाड हलविण्याचा मोहही तेथेच आहे. आपल्या घरी कयाक नसेल. शेजाऱ्याने घेतली म्हणून हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल असेल, पेटीत घडी न मोडलेल्या साड्या असतील, लग्नासाठी काढलेले कर्ज असेल. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कुणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. टांगलेली होडी पहिले सुख देते, दुसरे देत नाही. हप्त्याची होडी तिसरेही हिरावून घेते.

आता एका होडीने काय साधते ते पाहा. हान्नेस लिंडेमान नावाचा एक जर्मन डॉक्टर होता. तो १९५६ सालच्या २० ऑक्टोबरला कॅनरी बेटांवरील लास पाल्मास येथून निघाला. त्याची होडी रबरी कापडाची, घडी घालता येणारी कयाक होती. तिची लांबी सुमारे ५ मीटर, आणि तिला लहान शिडे होती. त्या होडीतून त्याने एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला आणि ७२ दिवसांनी कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेट गाठले. वाटेत होडी उलटली. उलट्या होडीला धरून त्याला रात्र काढावी लागली. निघण्यापूर्वी कित्येक महिने त्याने मनाची तयारी केली होती: मी पार होणार, पश्चिमेची दिशा सोडणार नाही, एवढेच तो मनावर पुन्हा पुन्हा ठसवीत होता. तो पार झाला तो होड्यांच्या संख्येमुळे नव्हे; एक होडी, एक दिशा आणि साधलेले मन यांमुळे.

ही तारीख वाचताना आपल्या मनात काय आले असेल, ते मी जाणतो. त्याच्या सहाच दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसे एका नावेत बसली होती. ती नाव कशी निवडली गेली? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर २१ वर्षे त्यांनी एकेक धर्म पारखला. त्याचे ग्रंथ वाचले, त्याच्या अनुयायांशी चर्चा केली. पुष्कळ नावा पाहण्यात त्यांनी आळस केला नाही. पण पाहून झाल्यावर त्यांनी सर्व नावा घरी आणून टांगल्या नाहीत. एक निवडली आणि तिच्यात बसले. परीक्षा पुष्कळांची, स्वीकार एकाचा, हा धडा आपल्याला दिला गेला आहे.

आणि आपल्या कित्येक घरांत काय दिसते? भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. आत कोनाड्यात, फडक्याखाली, जुने टाकही आहेत. विचारले तर म्हातारी आई म्हणते, राहू दे बाबा, कधी लागले तर. तिच्यावर रागावू नका. तिने आयुष्यभर भयाच्या तीरावर काढले आहे. जुनी फुटकी होडीही तिला आधाराची वाटते. तिच्याजवळ बसा, समजावून सांगा. मुलाला ताप आला तेव्हा दवाखाना उपयोगी पडला की टाक, हे तिलाच आठवायला सांगा. पण तरुणांनो, तुम्ही शिकलेले असून 'कधी लागले तर' म्हणत असाल, तर बावीस प्रतिज्ञा तुम्ही तोंडाने घेतल्या, मनाने घेतल्या नाहीत. दोन होड्यांवर पाय ठेवणारा कोणत्याच तीराला लागत नाही. ही म्हण आपल्या आजोबांनाही माहीत होती.

मग जास्तीच्या होड्यांचे करायचे काय? कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला शंका आली की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचा व्यापार करणार की काय. त्याने विचारले, तेव्हा आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. शेवटी चिंध्या कुटून, चिखलात कालवून भुई सारवू. पाचशे चीवरे मिळूनही आनंदांजवळ एकही टांगलेले चीवर उरले नाही. जास्त मिळणे हा दोष नव्हे. मिळालेले अडवून धरणे हा दोष होय.

ज्याच्या घरी नऊ होड्या आहेत त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही होडी गेल्या वर्षभरात पाण्यात उतरली काय? हिच्यावर कुणाचे देणे आहे काय? हिच्यावाचून काठावर उभा राहिलेला कोणी मला माहीत आहे काय? पहिल्याचे उत्तर नाही आणि तिसऱ्याचे होय असेल, तर ती होडी आता त्याची नव्हे. ती पोहोचती करायची तेवढी राहिली आहे. शाळेला द्यावी, मंडळाला द्यावी, शेजारच्या मुलाला वल्हे धरायला शिकवून द्यावी. आपल्या घरी होडी नसेल तर हेच तीन प्रश्न पडून राहिलेल्या शिलाई यंत्राला, मुलगा नोकरीला लागल्यावर उरलेल्या त्याच्या पुस्तकांना आणि गंजत चाललेल्या सायकलीला विचारावेत. वसतिगृहातला एखादा विद्यार्थी त्या सायकलीवाचून रोज दोन कोस चालत असेल. वस्तीच्या विहारात सतरंज्या आणि मोठी भांडी सामाईक ठेवली, तर प्रत्येक घराला ती विकत घ्यावी लागत नाहीत. दहा घरांची मिळून एक मोठी नाव, हीही धम्माचीच रीत आहे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून माळा आणि कोनाडा उघडावा. लहान मुलांनाही बरोबर घ्यावे. जे वापरात आहे ते पुसून ठेवावे, जे पडून आहे त्याला माणूस शोधावा, आणि भयापोटी लपवलेले जे काही असेल ते उजेडात आणून त्याचा निकाल लावावा.

भवतु सब्ब मंगलं.