नक्षी, माप आणि ऊह

रंगीत नक्षीच्या स्वेटरचा पॅटर्न एका अर्थी विधीच असतो. टाके किती घालायचे, कोणत्या ओळीत कोणते रंग घ्यायचे, मुंढ्याला टाके कुठे कमी करायचे, हे तो आज्ञार्थात सांगतो. पण तो लिहिताना विणणारीचे शरीर कोणी पाहिलेले नसते. म्हणून मापासाठी फेरफार करावे लागतात, आणि ते केल्यावर आपण मूळ पॅटर्न पाळला की मोडला, हा प्रश्न उरतो.

ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये असलेल्या फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विणीत हा प्रश्न टोकदार होतो. तिथे परंपरेने एका ओळीत दोनच रंग वापरतात. ज्या रंगाची पाळी नसते त्याचा धागा मागून सैल वाहत जातो. त्यामुळे कापड जाड, उबदार आणि कमी ताणले जाणारे होते. साधी वीण अंगाप्रमाणे थोडी सैलावते, ही फारशी सैलावत नाही. शिवाय नक्षी ठरावीक टाक्यांनी पुन्हा येते. समजा, ती २४ टाक्यांची आहे आणि १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसतात. नक्षी ११ वेळा घेतली तर घेर सुमारे ९४ सेंटिमीटर होतो, १२ वेळा घेतली तर सुमारे १०३. ज्या स्त्रीला ९८ हवा आहे, तिच्यासाठी या हिशेबात जागाच नाही. शरीराचे माप सलग वाढते, नक्षी टप्प्याटप्प्याने.

लिखित विधी आणि बदललेली परिस्थिती यांच्या संबंधाचा वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांइतका बारीक विचार क्वचितच कोणी केला असेल. जैमिनीच्या सूत्रांच्या १२ अध्यायांपैकी नववा ऊहाचा, दहावा बाधाचा. ज्याची सर्व अंगे सांगितलेली असतात तो प्रकृतियाग. त्याच्यावरून करायचा तो विकृतियाग. प्रकृतीतल्या मंत्रात अग्नीचे नाव असेल आणि विकृतीची देवता सूर्य असेल, तर तिथे सूर्याचे नाव घालायचे, हा ऊह. प्रकृतीत धान्य कांडतात, पण सोन्याच्या कृष्णलांचा, म्हणजे गुंजेएवढ्या कणांचा, चरू (शिजवलेले हविर्द्रव्य) करताना कांडण गळते, कारण सोन्याला तूस नसते, हा बाध. दोन्हीकडे विचारायचे एकच: हे अंग कशासाठी होते?

स्वेटरला हे सरळ लागू पडते. टाक्यांची संख्या घेरासाठी असते. घेर बदलला की संख्या बदलणे हा ऊह. कमरेशी टाके कमी करून पुन्हा वाढवायला सांगितले असेल आणि अंग सरळ असेल, तर ती सूचना गळते. तिचे प्रयोजनच तिथे नाही.

मात्र प्रयोजनावर सगळे सोडून देणे मीमांसेला मान्य नाही. तांदळाचे तूस नखांनीही निघेल, तरी कांडायलाच हवे. अनेक उपायांतून एकच ठरवून देणारा तो नियमविधी आहे. पॅटर्नमध्येही असे काही असते. बगलेखाली अर्धी नक्षी तोडली तरी माप साधते, पण जिच्यासाठी सारा खटाटोप, ती नक्षीच मोडते. म्हणून जाणत्या विणकरणी दुसऱ्या वाटा शोधतात. सुई किंचित जाड घेऊन १० सेंटिमीटरमध्ये २७ टाके बसवले, की तेच २६४ टाके सुमारे ९८ सेंटिमीटर होतात. मग ओळींची उंचीही वाढते, तिचा हिशेब पुन्हा करावा लागतो. किंवा दोन्ही बगलांखाली पाच-पाच टाक्यांची, एकाआड एक रंगाची अरुंद पट्टी घालतात. टाके २७४ होतात, घेर तेवढाच मिळतो आणि समोरची नक्षी अखंड राहते.

ॲरिस्टॉटलने न्यायाविषयी बोलताना लेस्बॉस बेटावरच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. सामान्य कायदा जिथे अपुरा पडतो, तिथे न्यायबुद्धीनेही तसेच वागावे. विणकामाला हा दाखला अर्धाच पुरतो, कारण इथे पट्टीचा एक भाग वाकतो आणि दुसऱ्याने वाकायचे नसते. कोणता भाग कोणता, हे ओळखण्यात विणकरणीचे खरे कौशल्य आहे. आइसलँडच्या गोल योकच्या, म्हणजे गळ्याखांद्यांभोवती गोल नक्षी असलेल्या, स्वेटरमध्ये हे स्पष्ट दिसते. मागचा गळा उंच हवा असेल, तर नक्षीच्या आधी किंवा नंतर, एकरंगी भागात, मागच्या बाजूला अर्ध्यातून परतणाऱ्या ओळी घालतात. नक्षीच्या मधोमध त्या घातल्या, तर तिच्या ओळी समोर आणि मागे जुळणार नाहीत.

मीमांसकांचा आणखी एक निर्णय इथे मोलाचा आहे. ऊहाने घातलेल्या शब्दाला ते मंत्र म्हणत नाहीत, कारण तो वेदात पठित नाही. तरी त्या शब्दाने केलेला याग मात्र पुरा होतो. बगलेखालचे दहा टाकेही पॅटर्नचे नाहीत, आणि पुढे लिहून ठेवले तरी मूळ पॅटर्नचे होणार नाहीत. ते त्या एका अंगासाठी घातलेले आहेत. स्वेटर मात्र त्याच पॅटर्नचा आहे, आणि लिहिलेली संख्या तंतोतंत पाळून अंगाला न बसणारा स्वेटर विणणारी अधिक निष्ठावान ठरत नाही.