तिरकमठा ओढल्यावर

अहिंसा हा शब्द आला की आपली पोरं कान मिटतात. बरोबरच आहे. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या काठी होती त्यांनी तो शब्द सांगायचा आणि पाठीवर वळ असलेल्यांनी तो पाठ करायचा, असा हा धंदा. गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणी संयम शिकवू लागला की मला आधी त्याच्या वाड्याची भिंत किती उंच आहे ते बघावंसं वाटतं. पण शिव्या देऊन प्रश्न मिटत नाही. समजा हातात काही आलं. नेम धरला, दोरी ओढली. आता सोडायचं की नाही? हा प्रश्न साधूचा नाही, शिकाऱ्याचा आहे. मला तो पोथीत नाही, सूरजागडकडे कळला.

एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर. माडियांचा ठाकूरदेव तिथं, जानेवारीत यात्रा भरते. 2021 पासून डोंगर खणून लोहखनिज काढणं जोरात चाललंय. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल झालीत. त्या बाजूच्या एका म्हाताऱ्या माडिया दादांशी माझं बसणंउठणं. ते आता शिकार करत नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा ठरली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलावरचे हक्क देताना शिकारीचा तेवढा हक्क नेमका वगळला. (राजेरजवाडे आणि गोरे साहेब मचाणावर बसून वाघ मारायचे, तेव्हा हाका द्यायला हीच माणसं वेठीला धरली जायची. त्या वाघांची मुंडकी दिवाणखान्यात अजून आहेत. पोटासाठी रानकोंबडा मारणारा तेवढा आरोपी.)

तर दादा त्यांच्या तरणेपणातलं सांगत होते. रानकोंबडा पहाटे आरवतो, त्यावरून दिशा कळते. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं. डास चावला तरी हात हलवायचा नाही. कोंबडा येतो, मान वर करतो, तेव्हा नेम मिळतो. आणि एवढं करून पुष्कळदा बाण सोडायचाच नाही.

‘‘काहून?’’ मी विचारलं.

‘‘लांब आहे तं सोडाचा नाही. लागते, पण मरत नाही. झुडपात जाऊन मरते, कोल्हा खाते. कोंबडी पिल्लं घेऊन हिंडून राहिली तं सोडाचा नाही. अन् मागं कोण आहे ते दिसत नसन, तं सोडाचाच नाही. पान हाललं, आपल्याले वाटलं कोंबडा. अन् थे आपलीच बाई रायते, मोहा वेचते.’’

मित्रांनो, या तिसऱ्या गोष्टीपाशी मी अडकलो. त्या जंगलात गेली चाळीसेक वर्षं पान हललं म्हणून बंदुकीचे घोडे ओढले गेले. इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात एडसमेटा गाव आहे. 17 मे 2013 च्या रात्री गावकरी बीज पंडुमासाठी जमले होते. पंडुम म्हणजे सण. पेरणीआधी बियाण्याची पूजा होते. सुरक्षा दलानं गोळ्या झाडल्या. आठ गावकरी मेले, त्यात चार अल्पवयीन. एक जवानही मेला. न्यायालयीन चौकशीचा अहवाल 2022 मध्ये विधानसभेपुढे आला. त्यात म्हटलंय की गोळीबार घाबरून झाला असावा. पेरणीला बी मागणाऱ्या माणसांवर घाबरून! आणि दुसरी बाजूही धुतल्या तांदळाची नाही. खबऱ्या म्हणून नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत आदिवासीच मारले. कोण खबऱ्या आणि कोण नुसताच ठाण्यासमोरून गेलेला, याची खातरजमा कोणी केली? क्रांतीच्या बंदुकीलाही मागं कोण आहे ते दिसलं नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली आलेल्या ग्रंथात हा गुंता हातानं सोडवलाय. बुद्धानं अहिंसेचा ताठर नियम केला नाही, तत्त्व सांगितलं, असं ते मांडतात. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. म्हणजे निवाडा माणसानं स्वतः, त्या क्षणी करायचा. नियमामागं लपता येत नाही. जैन शेठजीला मुंगी वाचवून कूळ बुडवता येतं, ती सोय इथं नाही. माझ्या मते घरात खायला नसताना दादांचा बाण सुटला तर ती गरज. पिल्लांच्या आईवर सुटला, तर मग इच्छाच.

कोणी म्हणेल, आपल्या हातात तिरकमठा कुठाय? खरं आहे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या गप्प बसण्याला संयम म्हणू नये. ती लाचारी. आधी दोरी ओढता आली पाहिजे. महाडला ती ओढली होती. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर सवर्णांच्या जमावानं आपल्या माणसांना जेवता जेवता झोडपलं. आपल्यात पलटणीतून आलेली माणसं होती, उलटून मारायची ताकद होती. बाबासाहेबांनी आवरलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मनुस्मृती जाळली. तुरुंगात जायला हजारो तयार. पण तळं खाजगी आहे असा दावा लावून विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. मिरवणूक निघाली, पाण्याला हात लावला नाही. किती जणांच्या मनात कालवाकालव झाली असेल! पण दावा लढवला, आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला. तिथं मागं सरणं नव्हतं, कारण दोरी सैल सोडलीच नव्हती.

आणि नुसतं थांबणंही थोर नव्हे. काळाराम मंदिरापुढे 1930 पासून पाच वर्षं माणसं उभी राहिली. दार उघडेना, तेव्हा नेमच बदलला. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला घोषणा झाली, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धर्मांतर. एकवीस वर्षं! दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, चंद्रपुरात दीक्षा झाली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या अजून तारीख सांगतात, साल सांगतात, पाऊल कुठं ठेवलं तेही सांगतात.

आता आपलं. रात्री कुठंतरी पुतळ्याची विटंबना होते. सकाळी पोरं पेटतात, पेटणारच. मग शेजारच्या वस्तीतली हातावर पोट असलेली चार पोरं सापडतात आणि त्यांच्यावर धावून जाणं होतं. करणारा कोण, करवणारा कोण, काही ठाऊक नसतं. करवणारा माडीवर चहा पीत असतो. तिथं हात आवरायचा, नाव कळेपर्यंत. यावर आपल्या बैठकीत भांडण होतं, मला मवाळ म्हणतात, म्हणू देत. फिर्यादीचं मात्र तसं नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हातात आहे. ठाणेदार ‘उद्या या’ म्हणाला तरी कलमं लावून फिर्याद लिहून घेईपर्यंत ठाण्याच्या पायरीवरून उठायचं नाही, बायाबापड्यांसकट. रात्र झाली तर तिथंच भाकरी सोडायची.