हरकत आली नाही म्हणून

जमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीदाराचे वकील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतात. सदर मिळकतीत कोणाचा वारसाहक्क, गहाण, वहिवाट वा अन्य हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा तसा हक्क नाही, किंवा असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल. केवळ अशा नोटिशीने खऱ्या वारसाचा हक्क बुडत नाही, हे वकिलांनाही ठाऊक असते. व्यवहार पुढे सरकण्यासाठी काहीतरी गृहीत धरावे लागते, इतकेच. पण गप्प राहिलेल्याने हक्क सोडला, असे विक्रेत्याच्या सदसद्विवेकबुद्धीलाही गृहीत धरता येईल काय?

आपल्या वसईतील वाड्यांच्या संदर्भात हा प्रश्न बहुधा बहिणींचा असतो. वडील वारले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर भावांची नावे चढली. बहिणींची राहून गेली अथवा ‘इतर हक्क’ या सदरात जाऊन बसली. सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 तर आपल्याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. ख्रिस्ती पिता मृत्युपत्राविना वारल्यास विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना समसमान. मुलगा-मुलगी हा भेद नाही. तीस गुंठ्यांच्या वाडीत आईला दहा आणि दोन भाऊ व दोन बहिणींना प्रत्येकी पाच गुंठे. “तिच्या लग्नात खर्च केला, दागिने घातले” हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. वडिलांनी हयातीत अपत्याला जे दिले ते या वाट्यातून वजा करू नये, असे त्याच कायद्याचे कलम 49 सांगते.

मग हक्कसोडपत्र येते. दुय्यम निबंधकासमोर विचारणा होते: स्वखुशीने देता ना? ती मान हलवते. त्या मान हलवण्यात काय काय असते! भावाविषयीची माया असतेच. पण नाही म्हटले तर माहेरचे दार बंद होईल, सणाला बोलावणे येणार नाही, मुलाच्या लग्नात मामा मानाने उभा राहणार नाही, ही धास्तीही असते. कित्येकदा त्या गुंठ्यांचा आजचा भाव तिला कोणी सांगितलेलाही नसतो. ज्ञान आणि स्वातंत्र्य यांवाचून संमती पूर्ण होत नाही, असे नीतिशास्त्र शिकवते. नाही म्हणण्याची मोकळीक होती, तेव्हाच देण्याला दान म्हणता येते. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुलींनी मोशे व साऱ्या मंडळीसमोर उभे राहून पित्याचे वतन मागितले, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असे परमेश्वराने सांगितले. त्या पाच जणी एकत्र होत्या. आपली बहीण बहुधा एकटीच असते.

आईवडिलांचे आजारपण ज्या भावाने वर्षानुवर्षे काढले, वाडी शिंपून जगवली, त्याचे म्हणणे पोकळ नसते. त्याने ते बहिणीसमोर जरूर मांडावे. मात्र स्वतःच्या वाट्याचा निवाडा स्वतःच करू नये.

दुसरा अन्याय खरेदीदारावर होतो. हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, पण खरेदीदाराला साधारण दक्षतेने कळण्याजोगा नाही, तो सांगण्याचे बंधन मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 ने विक्रेत्यावर घातले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच म्हटले होते की, घेणाऱ्याचे नुकसान होईल असा छुपा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. डावललेली बहीण उद्या न्यायालयात गेली, तर दाव्याची झळ कर्ज काढून त्या जमिनीवरील इमारतीत घर घेतलेल्या कुटुंबाला लागते. अर्थात, भाव फारच उतरलेला पाहूनही “बहिणी किती?” असे न विचारणारा खरेदीदारही अगदी निष्पाप म्हणवत नाही.

नागरी कायद्याचा भंग होत नसला, तरी दुसऱ्याचे अन्यायाने ठेवून घेणे सातव्या आज्ञेविरुद्ध आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद 2409 सांगतो. अशा वेळी पश्चात्तापाबरोबर भरपाईही लागते. विकलेली जमीन परत आणता येत नसेल. पण आलेल्या रकमेतील बहिणीचा हिस्सा आजही मोजता येतो. ती हयात नसेल, तर तिची मुले आहेत.