औषधाचा नेम कोणाचा?

आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. जंतूचा शोध लागून तेव्हा पाच वर्षे होत आली होती, पण औषध जगात कुठेच नव्हते. त्या काळी लोकांनी क्षयाला दैव म्हटले तर नवल नाही. आज सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात आणि दैवाची जागा दोषाने घेतली आहे. रुग्णाने औषध मध्येच सोडले की आपण त्याला बेशिस्त ठरवून मोकळे होतो. नेम ज्याचा त्याने मनाच्या बळावर पाळायचा असतो, ही समजूत या निवाड्यामागे आहे, आणि ती मला मुळातच चुकीची वाटते.

काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, जंतू मात्र शरीरात दबा धरून असतात. म्हणजे रोग गेल्यासारखा वाटतो तेव्हाही गोळ्या चालूच ठेवायच्या. त्यात मळमळ, केशरी लघवी, बुडालेली रोजी, शिवाय मुलीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून घरातली लपवाछपवी. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि तोच पुढे शेजाऱ्याच्या फुप्फुसात शिरतो. इतके सगळे एकट्याच्या निश्चयावर सोपवून आपण फक्त अंग काढून घेतो. वारकऱ्यांना हे कधीचे कळले आहे. माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा वारकरी स्वतःच्याच पायांनी चाललेला असतो, पण दिंडीत. त्याचे जेवण, मुक्काम, मागे पडल्यास विचारपूस, हे सगळे दिंडी पाहते.

मग प्रत्येक गोळीवर पहारा ठेवायचा का, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. 1997 पासून देशात राबवलेल्या डॉट्स पद्धतीत गोळी दुसऱ्याच्या देखत गिळायची होती. अशा देखरेखीच्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने 2015 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या देखरेखीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण फारसे वाढलेले दिसले नाही. पहारेकरी आणि सोबती यांतला फरक इथे कळतो. दुसरा आक्षेप पूर्वकर्माचा: ज्याचा भोग त्याने भोगावा. पण कर्मसिद्धान्त अक्षरशः खरा मानला, तरी तो पाहणाऱ्याला त्याच्या कर्तव्यातून सूट देत नाही. मदत न करणे हेही कर्मच. शेजाऱ्याचे मागच्या जन्मीचे मला दिसत नाही, त्याचे रिकामे ताट दिसते. आणि ताटाचा प्रश्न खरा आहे. झारखंडमधल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण सुमारे 39 टक्क्यांनी घटले.

सरकार नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा 1000 रुपये देते, पण एवढ्यावर घर चालत नाही. वारकऱ्यांना पंगती वाढणाऱ्या पेठांतल्या मंडळांनी एखाद्या रुग्णाचा, त्याच्या संमतीने, सहा महिन्यांचा शिधा उचलावा. त्यासाठी 2022 पासून सरकारकडे निक्षय मित्र म्हणून नोंदणी करता येते. फ्लेक्स तेवढा लावू नये.