देऊन टाकताना

नोकरीची वर्षे संपली की मुंबई-डोंबिवलीकडील बरीच मंडळी वासिंद, आसनगाव, शहापूर किंवा मुरबाडकडे वळतात. कोणी लहानसा फ्लॅट घेतो, कोणी गावचे जुने घर दुरुस्त करून राहायला येतो. तीस-चाळीस वर्षांचा संसार दोन खोल्यांत मावत नाही. मग घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "देऊन टाकू या कोणाला तरी."

हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत हे ध्यानात येत नाही. टाकताना आपण आपल्या खोलीकडे पाहतो; ती रिकामी झाली की काम झाले. देताना घेणाऱ्याच्या घराकडे पाहावे लागते. झिप तुटलेल्या बॅगा, उसवलेले स्वेटर, डुगडुगणारी खुर्ची एखाद्या पाड्यावर पोहोचवून आपण दान केले म्हणतो. खरे तर आपला कचरा उचलण्याचे काम आपण गरिबावर सोपवलेले असते, आणि वर त्याने आभार मानावेत ही अपेक्षा!

दुसरी एक चूक अधिक सूक्ष्म आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुले, सारा संसार एका टेम्पोत. "किती थोडक्यात भागते यांचे!" असे कौतुक करणारे भेटतात. ते कौतुक आम्हाला पटत नाही. मालकाकडून घेतलेली उचल फेडायला निघालेल्या माणसाने सामान कमी केलेले नसते. त्याच्याकडे ते कधी साठलेच नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे हे ठरवण्याची मोकळीक आपल्याला आहे. भातसा आणि बारवी धरणांसाठी ज्यांना घरे सोडावी लागली, त्यांनाही ती नव्हती. मुंबई तानसाचे पाणी १८९२ पासून पिते आहे, पुढे भातसाचेही आले; बारवीचे पाणी डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात जाते. म्हणजे शहरात आयुष्य काढून इथे येणारे आपण या मातीचे आधीच देणेकरी आहोत. मराठीत 'देणे' म्हणजे कर्जही होते, हे विसरू नये.

म्हणून वस्तू चालू स्थितीत असतानाच द्यावी. शिलाई मशीन द्यायचे तर तेल घालून, पट्टा बदलून द्यावे, आणि ते कोणाला हवे आहे का, हे आधी विचारावे. नको म्हणण्याचा हक्क घेणाऱ्यालाही असतो. पुस्तके ट्रंकेत भरून ठेवू नयेत. इथल्या पावसात ओल आणि वाळवी त्यांचा निकाल लावते. स्वयंपाकघरातले काय जाणार हे मात्र घरच्या बाईने ठरवावे. पेन्शनच्या उत्साहात पुरुष मंडळी तिच्या कढया परस्पर वाटून मोकळी होतात, असे पुष्कळदा दिसते.

राहते घर मात्र घाईने मुलांच्या नावे करू नये. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. पण ती अट कागदावर असलेली बरी.

देवघरातल्या आशीर्वादित वस्तू भंगारात जाऊ नयेत. तुटलेली जपमाळ जमिनीत पुरावी. झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्याव्यात. राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते.

राहता राहिली पितळेची, तांब्याची भांडी. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती. आजीच्या मामाचे नाव असलेला हंडा मोडीत घालवत नाही आणि नव्या घरात ठेवायला जागा नाही, असा पेच अनेकांना पडतो. मोडीत वजनाचे पैसे येतील आणि नाव वितळून जाईल. त्यापेक्षा शेजारच्या मुलीच्या लग्नात तो हंडा घासून, कल्हई लावून द्यावा. नाहीतरी भांड्यावर देणाऱ्याचेच नाव असते. जुन्या नावाखाली आपलेही घालून घ्यावे, जागा उरली असेल तर.